कौलावरचा दात

हसू नका, पण कुडपणच्या ज्या खराब रस्त्याविरुद्ध मी आयुष्यभर लिहिलं, त्याच्याच खड्ड्यात आपटून माझा पुढचा दात मुळासकट निघाला. रस्त्याकडेच्या घरातल्या ऐंशीच्या सोनूकाकींनी तो उचलला आणि सवयीने कौलांवर भिरकावला.

"उंदीरमामा नवा देल रे!"

"काकी, मी साठीचा आहे! तो खाली पाडा, मुळाला हात न लावता दुधात टाका. तासाभरात बसवला तर जगतो!"

काकींनी काठीने दात कौलांवरून खाली पाडला.

मग मांडीवर दुधाचा पेला आणि चहूकडे धुकं. जीप पोलादपूरकडे उतरत नव्हती, ढगांतून तरंगत होती.

डॉक्टरांनी दात बसवला. मी काकींना फोन केला.

"मंग उंदीरमामाला काय सांगू?"

"सांगा, रस्ता तसाच आहे. त्यावरूनच मी पुन्हा येतोय!"