अगस्त्य न दिसलेली पहाट

हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. तुम्ही मागच्या पौषापासून येऊन बसता, ताऱ्यांचं विचारता, आणि मी रोहिणी-मृगाचं काहीबाही सांगून तुम्हाला वाटेला लावतो. अगस्त्याचं विचारलंत की मला खोकला येतो. आज लिहून घ्या.

आम्ही मूळचे कोकणातले. पणजोबा काशीला आले ते दूधविनायक मोहल्ल्यात राहिले, आणि तिथंच आमची चौथी पिढी. ग्रहणं, संक्रांती, कुठला तारा कधी उगवणार, हे सांगणं घरचं काम, पण खरा मान अगस्त्याचा. काय सांगू तुम्हाला, हा तारा उन्हाळ्यात सूर्याच्या उजेडात बुडतो आणि पावसाळा सरत आला की एका पहाटे आग्नेयेकडे, गंगेच्या पलीकडच्या काठाच्या अगदी लगत उगवतो, चांगला ठळक, पण जरा उशीर केलात की उजाडतं आणि गेला. तो उगवला की गढूळ पाणी निवळायला लागतं असं सगळे मानतात, म्हणून पाऊस सरताना फुलणाऱ्या कास गवताची पांढरी फुलं वाहून त्याला अर्घ्य द्यायचं. आमचे वडील, अण्णा, पंचगंगा घाटावर अर्घ्य द्यायचे, आणि अण्णांचं अर्घ्य झालं म्हणजे बाढ संपली, पूर ओसरला, असं नावा चालवणारे मल्लाह लोक धरून चालायचे. कलेक्टरची दवंडी कुणी ऐकत नसे. साहेब कुठं आभाळ बघतो, म्हणायचे.

फुलं आणायचा बिरजू मल्लाह. माझ्याच वयाचा, विशीतला, थट्टेखोर. मला म्हणायचा, पंडितजी, तुमचा तारा म्हणजे माझा सासरा, वर्षातून एकदा येतो आणि आला की सगळ्यांनी हात जोडायचे. त्या वर्षी खालच्या मातीच्या काठावरून त्याची झोपडी बाढीनं उठवली होती, आणि बाळंतीण बायको, फुलमती, तान्ह्या पोरीला घेऊन धर्मशाळेच्या ओसरीवर पडून होती. भिंतीला ओल, पोरीला ताप.

अण्णांचे गुडघे धरले होते, म्हणून तारा बघायला मला पाठवलं. आभाळ भरलेलं. रोज पहाटे जायचो आणि ढग बघून परत यायचो. घरच्या गणिताचा दिवस आला, यजमान जमले, आणि अण्णांनी घाटावर सगळ्यांसमोर विचारलं, दिसला का रे? मी म्हटलं, दिसला. गणित सांगतंय तर ढगांच्या मागे असेलच ना, असं मनाशी धरून म्हटलं. बिरजूनं तगरीची फुलं आणली होती, कास अजून फुललाच नाही म्हणाला, तेही आम्ही कानाआड केलं. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, पंडितजी, आपने अपनी आँख से देखा ना? पाणी तर उतरल्यासारखं दिसतंय, हिला नि पोरीला परत खाली काठावर नेऊ? मी म्हटलं, ने, निवांत ने.

त्याच आठवड्यात वर कुठंतरी पाऊस झाला असेल, रात्रीत पाणी चढलं. बिरजू सुटलेल्या नावा धरायला गेला होता. परत आला तर काठच नव्हता. फुलमती खाली राजघाटाकडे सापडली. पोर सापडलीच नाही.

पुढे आभाळ उघडलं आणि मी रोज जाऊन बसू लागलो. गणिताचा दिवस उलटून दहा-बारा दिवस झाल्यावर तो तारा खरोखर उगवताना पाहिला. तेव्हा कळलं. दक्षिणेत अगस्त्य उंच चढतो, म्हणून सूर्याच्या उजेडातून लवकर सुटतो. इथं उत्तरेत तो जमिनीला धरून राहतो, म्हणून उशिरा दिसतो. आमचं गणित पणजोबांनी कोकणातून आणलेलं, तसंच्या तसं. चार पिढ्या गंगेवर उभं राहून आम्ही कोकणातलं आभाळ वाचत होतो.

अण्णांना सांगितलं. मी तारा पाहिला नव्हता, हेही सांगितलं. ते पळी पुसत होते, पुसतच म्हणाले, ठाऊक आहे, ढग मलाही दिसत होते. आपल्या घराण्याची तिथी आहे ती, आणि गंगेत माणसं दरवर्षी जातात. पुढच्या वर्षी अर्घ्य त्याच दिवशी दिलं. अण्णा गेल्यावर मी दिवस पुढे सरकवला, का ते कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही.

बिरजू मात्र दरवर्षी फुलं आणत राहिला. दुसरं लग्न केलं नाही. थट्टा तेवढी थांबली. एकदा मी धीर करून फुलमतीचं नाव काढलं, तर म्हणाला, छोड़िए पंडितजी, गंगाजी की मर्जी, आपने तो देखकर ही कहा था.

गेल्या थंडीत तो अंथरुणाला खिळला. मी गेलो, वाटभर माफीचं एक वाक्य घोकत. पुतण्यानं बसायला पाट दिला. बिरजूनं मला पाहून उठायचा प्रयत्न केला, हात जोडले, म्हणाला, आता तुमच्या हातचं गंगाजल मिळालं तर सुखानं जाईन. पुतण्या लोटा घेऊन आला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी घातलं, वाकून कानात नाम घेऊ लागलो. कान इतका जवळ होता. बिरजू, मी तारा पाहिला नव्हता, मला माफ कर, एवढंच म्हणायचं होतं. मी नामच घेत राहिलो.