बनुबाईचं केळं

— आगं, खाऊ दे गं त्याला, मागं वढू नको. एवढुसं केळं, त्यानं काय हुतंय? तुझ्या सासूनं, विमलबाईनंच धाडलं ना तुला? मग! बनुबाईकडं आलेलं पोर कवा तसंच माघारी गेलं न्हाई. मनी म्हनू नको, बटन म्हनू नको, रुपाया म्हनू नको — गिळलेलं सगळं केळ्यासंगं खाली सरकतं, दोन दिसांत शीतून भायेर. एक्स-रे? कशाला गं? लाळ व्हय — दात येत असत्याल. घास भायेर टाकतोय? हट्टी हाय, दुसरं काय! तुमी आताच्या पोरी मोबाईलमधी बघता आन् सारख्या घाबरता — दे इकडं ओंकारला, मी घालती तोंडात.

रुपायाच हाय ना पन? बघितला कुनी? म्हंजी कुनीच न्हाई — सासूनं आपला अंदाज केला! हातात काय हुतं पोराच्या? पनती? कसली — ती सेलवरची, दिवाळीला लावती ती? बुड उघडं हुतं? आन् आतला बारका, रुपायावानी चपटा सेल? नीट हुडकलास का, खाटंखाली, उंबऱ्यापाशी? … न्हाईच घावला.

केळं ठिव. ठिव म्हनते ना खाली! न्हाई गं, काय न्हाई, तू रडू नको — वरच्या वस्तीवरची एक पोरगी हुती, ज्ञानेश्वरी, तिलाबी रुपायाच म्हनून आनली हुती, मीच भरवलं, दिसभर हितंच बसवली. मग दवाखान्यातल्या डॉक्टरनं बोलावून एक्स-रेचा फोटू दाखवला मला — गोल, आन् कडंला आत अजून एक कड — म्हनला, मावशी, ह्यो रुपाया न्हाई, सेल हाय, घशात अडकला की नळी आतून जळत जाती. पोरगी? तिचं काय इचारतीस आता! तिची आई अजून माझ्या दारावरनं जाताना तोंड फिरवती.

ह्यानं कवा गिळलंय? सकाळी? आन् आता उन्हं उतरली की गं! लाळ पुसू नको, बघू दे — लाल हाय. आगं आई आई, लाल हाय. ऊठ. संदीपचा टेम्पो उभा हाय फाट्यावर, थेट नगरला ने, मोठ्या दवाखान्यात, दारातच सेल गिळला म्हनून वरड. वाटंत पानीसुदिक पाजू नको. आन् ऐक — काय खाल्लं इचारलं तर काय न्हाई म्हन. हितं आल्तीस ते तर बोलूच नको. माझ्याकडं काय बघतीस अशी? जा म्हनते ना, मला दार लावू दे.