बसथांब्याची बढती

...आणि वर मलाच सांगते, थांब्यानं खोकायचं नसतं! हो, थांब्यानं. बसथांबा म्हणजे मी, अगदी आत्ताआत्तापर्यंत. तुम्हाला सांगतो, रोज कामावरून आलो, हातपाय धुतले, की स्वयंपाकघराच्या दाराशी एक हात वर करून अर्धा तास उभा राहायचो, कारण आमच्या पाच वर्षांच्या बाईसाहेब बस चालवतात आणि बस म्हटली की थांबा लागतो. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या एकामागे एक लावलेल्या, पुढच्या खुर्चीवर बाईसाहेब, हातात पोळपाट, ते स्टिअरिंग. मागे एका कानाचा ससा, त्याच्यामागे कुकर, हो, कुकर, तो ऑफिसला जातो, आणि शेवटच्या खुर्चीवर माझे सासरे, झोपलेले. म्हणजे कुकरला जागा आहे. घोरणाऱ्या सासऱ्यांना जागा आहे. मला नाही! पण मी बोललो का? नाही. खेळ मुलाचा असतो.

हे माझं वाक्य नाही हं, हे ताईंचं. आमच्याकडे मुलांचं वाचनालय आहे, तिथल्या ताई शनिवारी आईबापांचा वर्ग घेतात, बायकोनं मला न विचारता माझं नाव घातलं. गेलो. बसायला काय, तर मुलांच्या खुर्च्या! गुडघे कानाशी. आणि ताई अशा हळू आवाजात बोलतात की आपणच बाळ आहोत असं वाटायला लागतं. ‘‘बाबांनोऽ, मुलाच्या खेळात शिरायचं, पण पाहुण्यासारखं. सूचना नाहीत, सुधारणा नाहीत. खेळ मुलाचा असतो.’’ मी म्हटलं, ‘‘आणि चुकलं तर?’’ ‘‘चुकू दे.’’ ‘‘आणि ठोकलं तर?’’ ‘‘काय ठोकलं तर?’’ बायकोनं चिमटा काढला.

आता माझी बाजू ऐका. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. वर्षानुवर्षं डाव्या सीटवर बसतोय. आमच्या गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो, शिकणारा घाबरला की मी दाबतो. दिवसभर तोंडात एकच, आरसा बघा, क्लच सोडा, अहो हळू सोडा, मांजर आहे ते, खांब नाही, ते आपणहून बाजूला होईल! असा माणूस घरी येतो आणि बघतो, की पोटची पोर आरसा न बघता, इंडिकेटर न देता, मागे तोंड करून सशाशी गप्पा मारत बस चालवतेय. काय वाटत असेल?

पहिल्या दिवशी मी प्रवासी होतो बरं का! चांगली दुसऱ्या रांगेतली खुर्ची होती. फक्त म्हटलं, ‘‘बाळा, वळताना इंडिकेटर.’’ तिनं बस थांबवली. ‘‘बाबा, उतर.’’ उतरलो. दुसऱ्या दिवशी गयावया करून परत चढलो, शपथ घेतली, आणि पहिल्याच वळणाला तोंडातून गेलं, ‘‘क्लच!’’ मग तिनं मला हाताला धरून दाराशी नेलं, माझा हात वर केला आणि म्हणाली, ‘‘तू थांबा. थांबे बोलत नाहीत.’’ बायको भाजी चिरता चिरता म्हणते, ‘‘बघ, किती विचार केलाय तिनं!’’ विचार? आणि तो थांबा तरी धड आहे का, तर बस माझ्यापाशी थांबतच नाही! एकदा विचारलं तर म्हणते, ‘‘इथे कोणी चढत नाही.’’

हसताय तुम्ही. पण लागतं हो मनाला. खिडकीची जागा मागत नव्हतो मी, उभ्यानं गेलो असतो. आख्ख्या गावाला गाडी शिकवली आणि स्वतःच्या पोरीच्या बसमध्ये मला जागा नाही, हे सांगायचं कुणाला? सासऱ्यांना सांगितलं, तर ते एक डोळा उघडून म्हणाले, ‘‘जावईबापू, झोपत चला.’’

मग आला ताईंचा खेळाचा दिवस. वाचनालयाच्या मोठ्या खोलीत सगळी मुलं, सगळे आईबाप. बाईसाहेबांनी पोळपाट घरून आणला होताच, आल्या आल्या बस लावली. एक टायवाले बाबा होते, एकाही वर्गाला न आलेले, फोन कानाला, बाहेर बघत उभे. ही त्यांना म्हणते, ‘‘काका, या, खिडकीजवळ बसा.’’ टायवाल्यांना खिडकी! ते बसलेसुद्धा, फोन न ठेवता! मी कोपऱ्यात, पुस्तकांच्या कपाटाशेजारी, हात वर. पण मी बोललो का? नाही. खेळ मुलाचा असतो.

आणि ड्रायव्हरच्या सीटला हिनं काय घेतलं असेल? ताईंची खुर्ची. चाकांची! आता माझ्या अंगावर काटा, कारण चाकं आली म्हणजे खेळ राहिला का तो? एवढ्यात मागून दोन उत्साही पोरं आली आणि लागली ढकलायला. बस राहिली मागे, टायवाले राहिले मागे, नुसती ड्रायव्हर निघाली सुसाट, पोळपाट घट्ट धरून, सरळ माझ्याशेजारच्या कपाटावर! तिचा चेहरा बघितला मी. पांढराफटक. तोंडाचा आऽ, आवाज नाही. आणि माझा उजवा पाय... तुम्हाला सांगतो, मी काही ठरवलं नाही, तो आपणहून उठला आणि जमिनीवर असा दाणकन आपटला, की खिडक्या वाजल्या! ढकलणारी पोरं जागच्या जागी. मी खुर्ची धरली. तिचं कपाळ आणि कपाट यांच्यात वीतभर अंतर.

टायवाल्यांनी फोन ठेवला. ताई हळू आवाजात, ‘‘बाबाऽ, आपलं काय ठरलं होतं?’’ मी म्हटलं, ‘‘ताई, मी बोललो का?’’

बाईसाहेब माझ्या पायाकडे बघत होत्या. मग म्हणाली, ‘‘बाबा, हा ब्रेक होता?’’ म्हटलं, ‘‘हो बाळा.’’ माझा आवाज जरा चिरकला, सर्दी असेल. ती म्हणाली, ‘‘आमच्या बसला ब्रेकच नाहीये.’’ आणि शेजारी एक खुर्ची ओढली. डावीकडे! माझी नेहमीची बाजू! म्हणाली, ‘‘तू ब्रेक हो. पण मी म्हटलं तरच दाबायचा. आणि ब्रेकनं बोलायचं नाही.’’

तर तेव्हापासून मी बसमध्ये आहे. पुढच्या रांगेत, ड्रायव्हरच्या शेजारी, कुकरच्याही पुढे. थांबा म्हणून आता सासरे आहेत, खुर्चीवरच, झोपूनच. थांब्यानं घोरलेलं चालतं म्हणे, खोकायची बंदी फक्त माझ्यापुरती होती. आणि बाईसाहेब चालवतात, आरसा नाही, इंडिकेटर नाही, भरधाव, आणि ‘ब्रेक’ असं अजून एकदाही म्हणालेल्या नाहीत. म्हणतील असं काही लक्षणही दिसत नाही. पण मी बोलतो का? नाही. पाय तेवढा उचलून ठेवलाय.