नावाला कंस

नाही हो मॅडम, काम होणार नाही असं म्हणालेच नाही मी — तुमचा सर्च, जमिनीच्या जुन्या नोंदींचा शोध, तयार आहे, सोमवारपासून तयार आहे, फोन उचलले नाहीत तो माझा दोष, कबूल. बसा. ती नको, तिचा पाय निखळलाय, ही घ्या खुर्ची. एकट्याच आलात? मिस्टर ऑफिसला — असू दे, असू दे, बरंच झालं. पाणी घ्या. ऊन काय पडलंय बघा, आणि त्यात तहसीलला आज सर्व्हर डाऊन, सकाळपासून सगळी गर्दी माझ्या टपरीवर होती, आत्ता कुठे पांगली. क्लिअर आहे का? हे एकच विचारतात सगळे, क्लिअर आहे ना, क्लिअर आहे ना. सांगते. पण मला नीट सांगू द्या, मध्ये घाई करू नका. माझं डोकं चार दिवस ठिकाणावर नाही.

सतरा वर्षं बसतेय मी इथे, पनवेलात. आधी टाईपरायटर होता, आता हा कॉम्प्युटर. लोकांना वाटतं सातबारा म्हणजे जमिनीचा कागद. जमिनीचा कसला — माणसांचा कागद आहे तो. कोण जन्माला आलं, कोण मेलं, कोणाचं कोणाशी फाटलं, सगळं त्यात आहे, फक्त वाचता यायला पाहिजे. मागे एक जण आला होता अमेरिकेतून, म्हणे आजोबांचं गाव शोधून द्या, नाव तेवढं माहीत आहे. दिलं काढून अर्ध्या तासात. बेलपाड्याचं निघालं, चुलत घराणं अजून तिथेच! रडला बिचारा इथे, ह्याच खुर्चीत — तेव्हा पाय शाबूत होता तिचा. पुरुष सापडतात हो. बाप्या मरेपर्यंत एकाच नावाने फिरतो. सापडत नाहीत त्या बायका. माहेरचं नाव एक, सासरचं एक, आडनाव बदललं, बापाच्या जागी नवरा आला, आणि आमच्याकडे तर पहिलं नावही बदलतात — नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने लिहितो आणि झालं, ती मुलगी संपली. म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न काय विचारते? बहीण होती का? तिचं माहेरचं नाव सांगा. दोन्ही नावांनी शोधल्याशिवाय मी सर्च देत नाही. तुम्हालाही विचारलं होतं, आठवतंय? तुम्ही म्हणालात, नाही, मालक एकटेच आहेत, बहीण-बिहीण कोणी नाही असं त्यांनी स्वतः सांगितलंय.

स्वतः सांगितलं. शिवा घरतने. हं.

हे बघा. गाव कोन, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, सगळं तुमचंच आहे, तपासून घ्या. मालक — शिवा बुधाजी घरत. एकटा. आता त्याच्या वरची ओळ बघा. चौकटी कंस दिसतोय? त्यात नाव आहे, मधून रेघ मारलेलं. आमच्या भाषेत नावाला कंस झाला म्हणतात. म्हणजे हे माणूस होतं, आता नाही. बघितलंत नाव? भामा बुधाजी घरत. बाजूला फेरफाराचा, म्हणजे नाव का बदललं त्या नोंदीचा, नंबर. तो फेरफार काढला तर त्यात लिहिलंय — हक्कसोडपत्रान्वये नाव कमी केले. म्हणजे बहिणीने रजिस्टर कागद करून दिला, की मला वडिलांच्या जमिनीत काही नको, सगळं भावाला. भरपूर असतात असे कागद. राखीपौर्णिमेला मागतात, गौरीला मागतात, बायका हसत सही देतात. मी स्वतः टाईप केलेत दोन-तीनशे तरी.

हा नाही केला.

मॅडम, भामा म्हणजे मी. बोर्डावर शशिकला केणी आहे ते लग्नानंतरचं. रोडपालीला राहतो आम्ही. पण कोनच्या बुधाजी घरतची पोरगी भामा ती मीच. तुम्ही सोमवारी तो नंबर चिठ्ठीवर लिहून दिलात ना, तेव्हाच ओळखला मी. बोलले नाही. म्हटलं बघू, दादा विकतोय आणि मला पत्ता नाही, काय आहे ते बघू तरी. तुम्ही म्हणाल, सतरा वर्षं इथे बसतेस, दिवसाला पन्नास सातबारे काढतेस, मग तुझा कधी काढला नाहीस? नाही काढला. खरंच नाही काढला. कशाला काढू? घरचा माणूस समोर हसत बसलाय, त्याची कोण नाडी बघत बसतं! दर गणपतीला जात होते मी कोनला, दरवर्षी विचारायचे, दादा, माझं नाव आहे ना रे? आणि तो म्हणायचा, "हाय गो भामे, तुझं नाव कुटं जातंय? बाबाच्या नावाखाली हाय ना." मोदक वाढताना म्हणायचा. ह्याच वर्षीसुद्धा म्हणाला.

मला जमीन नको होती हो. शपथेवर सांगते. आईचं बारावं झालं तेव्हा विषय निघाला, तेव्हाच मी बोलले — जमीन तू कस, तू विक, मला त्यातलं काही नको, पण नाव राहू दे. शाळेचा दाखला सोडला तर ह्या जगात भामा नावाचा एकच कागद आहे, तो हा सातबारा. आधार शशिकला, पॅन शशिकला, बँक शशिकला, माझी पोरं मला विचारतात, आई, भामा कोण? म्हणून म्हटलं, राहू दे. सगळे हो म्हणाले. हे पण होते तिथे, आमचे मिस्टर, तेही म्हणाले, राहू दे की, ती एवढं म्हणते तर.

मग मी त्या हक्कसोडीच्या दस्ताची नक्कल काढली. अख्खा दस्त, फोटोसकट. तुमच्या कामात त्याची गरज नव्हती, माझ्या खर्चाने काढली. आता हा कागद बघा, शेवटचा. रजिस्टरला सही करताना कॅमेऱ्यात फोटो काढतात, तो इथे खाली छापतात, बाजूला अंगठा. भामा बुधाजी घरत — फोटो. मी आहे का ती? बघा ना, बघा माझ्याकडे, लाजू नका. ठमाबाई आहे ती. माझी वहिनी. दादाची बायको. माझी नाकातली चमकी बघा, माझ्या डाव्या बाजूला आहे, तिची बघा, उजवीकडे — आमच्यात अशी कोणी टोचत नाही, ती उरणकडची. पदर घेतलाय डोक्यावरून, आयुष्यात कधी घेत नाही तो! आणि खाली अंगठा. अंगठा, मॅडम. मी सातवी शिकलेय, सतरा वर्षं लोकांचे कागद लिहितेय, आणि माझ्या नावापुढे अंगठा.

थांबा, इथपर्यंत मी सहन केलं. खरं सांगते. भाऊ आहे, वहिनी आहे, जमिनीपायी माणसं असली होतात, रोज बघते मी ह्या टेबलावर. सोमवारी दुपारी मी दोन शिव्या घातल्या आणि चहा घेतला. मग म्हटलं, पण वहिनी भामा झाली कशी? ओळखीचा पुरावा काय लावला? आधार तर लावलेलं नाही, अकरा वर्षांपूर्वीचा दस्त, तेव्हा चालून गेलं. कागद बघणाऱ्याने कागद बघितला, त्याला काय माहीत. पान उलटलं. शाळा सोडल्याचा दाखला. माझा. झेरॉक्स आहे, पण कोपऱ्यात तो हळदीचा डाग आहे ना, तो माझ्या हातचा आहे — लग्नाच्या आधी आईने ट्रंकेत ठेवायला दिला तेव्हाचा. लग्नानंतर तो दाखला कोनला नव्हताच कधी. रोडपालीला माझ्या कपाटात होता, साड्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत. मध्ये एकदा शोधला, मिळाला नाही. हे म्हणाले, घराला रंग काढला तेव्हा गेला असेल कुठेतरी रद्दीत. मी म्हटलं, असेल.

आता साक्षीदार बघा. नाही, वर नाही, ह्या खालच्या ओळी. वाचते मी, पाठ झाल्यात: "खालील इसम असे निवेदित करतात की, ते दस्तऐवज करून देणाऱ्यांना व्यक्तिशः ओळखतात व त्यांची ओळख पटवितात." म्हणजे दोन माणसं उभी राहून सांगतात, होय, ही बाई भामाच आहे, आम्ही हिला जातीने ओळखतो. एक नंबर गावचा कोणीतरी आहे, त्याला मी ओळखत नाही, तो मला ओळखत नाही. दोन नंबर वाचा. तुम्ही वाचा, मोठ्याने. मी नाही वाचत. अहो, आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत — तुम्ही काय, तुम्ही फोनवर निनाद, निनाद करता, ऐकलं मी सोमवारी, छान वाटतं ऐकायला. माझी बत्तीस वर्षं नुसत्या 'अहो'वर निघाली. उखाण्यातसुद्धा मी नाव खाऊन टाकायचे, बायका हसायच्या. वाचा.

हां. तेच. रोडपालीचाच पत्ता. फोटो पण आहे, बघा, तो चौकड्यांचा शर्ट मी घेतलेला, भाच्याच्या हळदीला. माझा नवरा शेजारी उभा राहून सरकारला सांगतो की ही माझ्या सासऱ्याची मुलगी भामा, हिला मी व्यक्तिशः ओळखतो. आणि उभी कोण, तर माझी वहिनी! अरे, मग घरात तुमची पोळी कोण भाजत होतं रे त्या दिवशी? तारीख बघितली मी. गुरुवार होता. मी उपास धरते गुरुवारचा. म्हणजे सकाळी मी साबुदाणा दिला असणार करून, आणि हे तो खाऊन, माझा दाखला पिशवीत घालून, गेले.

का? मी काय विचारलं नसेल का स्वतःला? चार दिवस तेच चाललंय. मग आठवलं. त्याच महिन्यात दादाने ह्यांना बंदरावर कामाला लावलं. दोन वर्षं घरी बसून होते हे, कंपनी बंद पडली होती. आणि एकदम परमनंट! मी अख्ख्या बिल्डिंगीत पेढे वाटले, मॅडम. दादाच्या पाया पडले. वहिनीला साडी नेसवली. ती साडी घेताना माझ्या डोळ्यांत बघेना, मला वाटलं लाजते.

आणि सांगू का — मला विचारलं असतं तर मी दिली असती सही. हे नुसते म्हणाले असते ना, की शशी, दादा नोकरी देतोय, पण तुझं नाव काढायचं म्हणतोय — मी रडले असते जरा, आणि दिली असती. नवऱ्याच्या नोकरीपेक्षा नाव मोठं आहे का? तेवढंच टोचतंय मला, जमीन नाय, नाव पण नाय — मला इच्यारलं नाय कोणी. बसले ना सगळे, ठरवलं ना कोण जाणार, कोण पदर घेणार, दाखला कोण आणणार. त्या बैठकीत एकाच्याही तोंडात आलं नाय, की भामेला इच्यारू? अकरा वर्षं माझ्या शेजारी झोपला हा माणूस! मला ताप आला तर रात्र रात्र बसला. कसा बसला?

काय? काय म्हणालात? मी आता खरी सही दिली तर तुमचं क्लिअर होईल? — नाही, नाही, उठू नका, रागावले नाही मी. तुमची काय चूक, तुम्हाला घर बांधायचंय. मीसुद्धा तोच विचार केला चार दिवस. दस्त दुरुस्त करून घ्यायचा, एक सही, सगळे सुखी, गणपतीला मोदक चालू. नाहीतर हा बघा, खणात हा दुसरा कागद तयार आहे. हरकतीचा अर्ज आणि पोलिसांना तक्रार. लोकांना मी दहा मिनिटांत करून देते, माझ्या स्वतःच्या अर्जाला चार दिवस लागले. जाबदेणार, म्हणजे ज्यांच्यावर तक्रार ते — एक, भाऊ. लिहिलं. दोन, वहिनी. लिहिलं. तीन नंबरला नुसत्या टिंबांची ओळ आहे. हात चालत नाही. त्यांची नोकरी जाईल, मॅडम. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. मुलीचं ठरतंय. सगळं माहीत आहे मला.

एक मिनिट, फोन. ह्यांचाच आहे. रोज ह्याच वेळेला करतात, डबा खाल्ला का विचारायला. थांबा, बसा.

हॅलो. हो, खाल्ला. हो — भेंडीची. नाही, कोणी नाही, गिऱ्हाईक आहे. मॅडम आहेत एक, कोनचा सर्च आहे त्यांचा. कोनचा. हो, आपल्याच कोनचा, घरतांचा... काय? संध्याकाळी भाजी कुठली आणू? अहो, मी कोनचं सांगतेय. भाजीचं नंतर बघू.

बाळाराम.

हो, मीच बोलतेय. दुसरं कोणी नाही, मीच. बाळाराम हिरू केणी, फोटोतल्या त्या बाईला तुम्ही व्यक्तिशः ओळखता म्हणून लिहून दिलंयत. कोण आहे ती? सांगा.

मॅडम, तुम्ही निघा आता. नाही, फाईल नाही मिळायची, ती इथेच राहू दे. जाताना दार ओढून घ्या.