वायरीचा झोल

हार्डवेअरच्या दुकानात मास्तर वायरीच्या जोडांना गुंडाळायची काळी टेप घेऊन रांगेत उभे होते. पुढे दोन मैत्रिणी बोलत होत्या.

“सोलरच्या वायरींचे जोड परत गंजले का गं?”

“तीनदा गंजले. आमचे हे तर पॅनेलच विकायला निघाले होते. मी आपली टेप गुंडाळत बसायचे, पाणी आतच कोंडायचं.”

“मग?”

“सासूबाईंनी टेप सोलून काढली. जोड स्लॅबवरून उचलून पॅनेलखाली बांधले, दोन्हीकडे वायर जोडापेक्षा खाली लोंबेल असा झोल दिला. थेंब तिथेच गळतो, जोडापर्यंत चढत नाही.”

“त्यांना कोणी शिकवलं?”

“जन्मभर दोरीवर कपडे वाळत घातलेत त्यांनी. पाणी दोरीच्या झोलाशीच गळतं, हे रोजचं बघणं. दोन पावसाळे झाले, जोड कोरडे ठणठणीत.”

मास्तरांनी टेप परत फळीवर ठेवली. “झोल किती द्यायचा, तेवढं विचाराल त्यांना?”

“वीतभर. पण तुम्हीच या विचारायला. त्यांना सांगायला फार आवडतं.”