दुष्काळातली माया

...कारण तुम्हाला सांगते, आपल्या पोराकडे बघून कुणी टाळी वाजवली तर आईला बरं वाटायला हवं की नाही? मला शिसारी आली. तो सिनेमाचा दिग्दर्शक माझ्या बारक्याचा सदरा वर करून, भाजीवाल्यानं काकडी दाखवावी तसा बरगड्या दाखवत होता सगळ्यांना. म्हणाला, ‘‘बघा, याला मेकअपच नको. तयार दुष्काळ आहे.’’

तयार दुष्काळ! दीड वर्षाचं माझं पोर! आता तो खात नाही, यात माझं काय चुकलं, सांगा. पुस्तकं वाचली, तक्ते लावले, चमचे दोनदा उकळले, मऊ भात केला, सफरचंद किसलं, अंड्याला डोळे-नाक काढलं. हा तोंड असं मिटतो की पानाच्या डब्याचं झाकण बरं. आणि सासूबाई, सगळ्यांना ऐकू जाईल असं, भिंतीला सांगतात, ‘‘आमच्या वेळी पोरं जेवायची बाई.’’

त्याला सिनेमात कुणी घातलं? नणंदेनं. ती रंगभूषा करते. दुष्काळातल्या आई-लेकराचा सिनेमा, त्यात लेकराचं काम, तिनं परस्पर ठरवून टाकलं. वर मला म्हणते, ‘‘वहिनी, असं पोर शोधून सापडत नाही.’’ कौतुक होतं हो ते!

तिथं काय घाण, काय घाण! मोठ्या पंख्यानं धूळ उडवत होते. सिनेमातल्या आईनं फाटकी शाल पांघरली होती, तोंडाला राख. तिच्या हातात शेवटचा पावाचा तुकडा. तो तुकडा आधी तीनदा धुळीत पडलेला, मी स्वतः बघितला. ती काय करते, तो तोंडापर्यंत नेते, डोळे मिटते, थांबते, सुस्कारा सोडते आणि पोरापुढे धरते. मी मनात म्हटलं, धरा, धरा, माझ्या पोराला तुम्ही ओळखत नाही...

आणि त्यानं आ केला.

खाल्ला. बोटं चाटली तिची. शालीवरचे कण वेचले. सगळ्यांचे डोळे भरून आले, माझेही आले, पण माझं कारण वेगळं होतं. आणि बरोबर आलेल्या सासूबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, ‘‘घरात दाणा नाही, पण माया बघ त्या बाईची.’’

आता यात माझं काय चुकलं?

घरी आल्यावर तसाच पाव दिला. थुंकला. धुळीत पाडायचंही मनात आलं, खोटं कशाला बोलू. मग दुसऱ्या दिवशी, घरात कुणी नाही असं बघून, नणंदेनं घरी आणलेली ती सिनेमातली शाल पांघरली, तिच्या डबीतली राख गालांना फासली, केळं-अंडं कुस्करून मुठीत धरलं, तोंडापर्यंत नेलं, डोळे मिटले, थांबले, सुस्कारा सोडला...

मूठ साफ! मनगटापर्यंत चाटली!

तेव्हापासून आमच्या घरी दोन्ही वेळा दुष्काळ पडतो. शिकलेली बाई मी, हातात पदवी आहे, आणि जमिनीवर बसून उपाशी मरते. नवरा टेबलफॅन घेऊन वादळ करतो. परवा म्हणाला, ‘‘अगं, सुस्कारा कमी पडला, पोर थांबलंय.’’ स्वतःची किळस येते हो. पण पोरानं अंग धरलं. दुष्काळ मानवला त्याला.

आणि काल दिग्दर्शकाचं बोलावणं, शेवटचा प्रसंग राहिलाय म्हणून. मी ताठ मानेनं गेले, बारक्याला पुढ्यात उभं केलं. आता तरी कुणी म्हणेल, वा, आईनं कष्ट घेतले. त्यानं सदरा वर केला. पोटाला बोट लावून बघितलं. माझ्याकडे बघितलं.

‘‘याला गाल आले? ऐन दुष्काळात? अहो, आई ना तुम्ही, जरा लक्ष द्यायला नको?’’

मागून सासूबाई, ‘‘मी तर सांगून थकले.’’

आता यात माझं काय... जाऊ दे. निघते मी. त्याची जेवायची वेळ झाली, अजून तोंडाला राख फासायची आहे.