टोमॅटोला बांधलेला लाल दोरा

गड्यांनो, आयुष्यात लय जणांची फिरकी घेतली, पण टोमॅटोनं माझी घेतली.

प्रज्ञा नावाची कॉलेजातली पोरगी टोमॅटोचं नवं वाण काढायला आमच्या रहिमतपूरच्या रानात यायची. जास्त घोस लागलेली दहा झाडं निवडून तिनं लाल दोरा बांधला. "आजोबा, यांचं बी धरायचंय. फळं तोडू देऊ नका."

मी तोडणीच्या बायकांना गंभीर तोंडानं सांगितलं, "नवसाची झाडं हायती. हात लावाल तर बघा!"

महिन्यानं प्रज्ञा आली. दोऱ्याची झाडं लगडलेली बघून हरखली. मग बुडाशी हळदकुंकू दिसलं.

तोडणीवाली कोंडाबाई म्हणाली, "आवं ताई, देवाची झाडं न्हवं? रोज तांब्याभर जादा पाणी घालतोय आमी."

पोरगी मटकन बांधावर बसली. "आता फळं झाडाच्या गुणानं लागली का पाण्यानं, कसं कळणार?"

तिचं रडवेलं तोंड बघून मी तिला बाजूला घेऊन सगळं कबूल केलं. तिनं डोळे पुसले. "बी धरून परत लावू. पण पुढच्या लागणीत दोरा सगळ्याच झाडांना बांधायचा, म्हणजे पाणी सगळ्यांना सारखंच मिळेल. आणि तो तुम्ही बांधायचा."

चारशे झाडं! माझी कंबर मोडली, अन् कोंडाबाई विचारतीया, "आण्णा, एवढा कसला वो नवस बोललाय?"